बोटीत गेलेल्या माणसाचं नाव

टायटॅनिकवर कुत्री होती आणि त्यातली तीन वाचली, हे मला आजही कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पहिल्या वर्गाच्या शेवटच्या जेवणात काय काय वाढलं होतं तेही सांगेन. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला हे सगळं मी पाठ केलं. पाठ करण्यात मी पहिल्यापासून हुशार.

आमच्या घरातलाही एक माणूस बोटीत बुडाला. त्याच्याबद्दल मला जे माहीत आहे ते एका परिच्छेदात मावतं. तो माझ्या आबांचा, म्हणजे वडिलांच्या वडिलांचा, आजा. गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक माणूस पलटणीत. पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याकडं निघालेली त्याची बोट बुडाली, असं आमच्यात म्हणतात. कोणती बोट, कोणती पलटण, कोणता दिवस, काही माहीत नाही. तिथी ठाऊक नाही म्हणून त्याला सर्वपित्री अमावास्येला जेवू घालतात, आणि त्याचा घास कावळ्याला ठेवत नाहीत. कावळा समुद्रात कुठं जाणार, म्हणून तो नदीत सोडायचा. ते काम आबांचं. गुडघाभर पाण्यात उभं राहून ते पत्रावळ सोडतात आणि ती वळणापलीकडं जाईपर्यंत हलत नाहीत.

गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून किती माणसं लढाईला गेली आणि त्यातली किती मेली, एवढे दोन आकडे तिच्यावर आहेत. नावं नाहीत. आबा चौथीपर्यंत शिकलेले. लहानपणी त्यांनी मला बोट धरून त्या पाटीसमोर नेलं होतं आणि म्हणाले होते, "ह्यातला एक आपला हाय. कुटला, ते सरकारनं सांगितलं न्हाई."

मी सांगलीला शिकायला गेले. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. कॉलेजात जे मिळालं त्याबद्दल मी कृतज्ञ आहे आणि हे मी उपचार म्हणून लिहीत नाही. आमच्या इतिहासाच्या सरांनी मला संगणकाच्या खोलीची किल्ली दिली, माझं इंग्रजी वाक्य न वाक्य दुरुस्त केलं, वर्गात माझ्या बोलीला हसणाऱ्यांना गप्प केलं. त्यांच्यावर रागावायचं ठरवलं तरी मला ते नीट जमत नाही. या लिखाणातही जमेल असं वाटत नाही.

शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटानं एका प्रसिद्ध ऐतिहासिक घटनेवर संकेतस्थळ तयार करायचं होतं. आम्ही चौघी होतो. टायटॅनिक हा विषय आमच्या गटातल्या शहरातल्या मुलींनी सुचवला आणि पाच मिनिटांत ठरला. मी घाबरत घाबरत म्हणाले, की आमच्याही घरातला एकजण बोटीत गेला होता.

"त्या बोटीवर बँड होता का गं?" एकीनं विचारलं.

"मेंढरं असतील," दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले.

सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "चांगली कल्पना आहे. शेवटी एक पान देतो तुला. जगप्रसिद्ध बोटीसोबत आपल्याकडच्या विस्मृतीत गेलेल्या माणसाचं. पण पुरावा आण, बाळ. ऐकीव चालणार नाही."

त्याच दिवशी मी घरी फोन करून आबांना सांगितलं. तिथंच माझी चूक झाली. पुरावा हा शब्द मी गाळला. एवढंच म्हणाले, की तुमच्या आजाचं नाव कॉम्प्युटरवर येणार आहे, जगात कुणालाही दिसेल.

 ते म्हणाले, "लिव्हलेलं असंल न्हवं? निस्तं बोललेलं न्हाई?"

"लिव्हलेलं, आबा."

"मग मी बगाय येनार."

मी टायटॅनिक शोधायला बसले. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायची. त्या बोटीवरच्या प्रत्येकाची नोंद आहे. भट्टीत कोळसा टाकणारासुद्धा कुठल्या गल्लीत राहायचा, हे कुणीतरी शोधून लिहून ठेवलंय. मग मी आमच्या माणसाचं नाव लढाईत मेलेल्यांच्या यादीत घालून पाहिलं. आबांच्या वडिलांच्या नावापुढं लागायचं, त्यामुळं नाव तरी आम्हाला माहीत होतं. त्या नावाची, त्याच आडनावाची माणसं ओळीनं खाली येत गेली. आमच्या बाजूला निम्म्या तालुक्याचं आडनाव एक आणि ठेवायची नावं चारपाच. यातला आमचा कोण हे सांगायला काहीतरी खूण हवी होती. नावाचं इंग्रजी स्पेलिंग जरी कळलं असतं, तरी निम्मे गळाले असते.

ते शोधतानाच एका पानावर मला एक चित्र दिसलं. मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरी सरकारनं पाठवलेली पितळेसारखी गोल चकती, तळहाताहून थोडी मोठी. तिच्यावर उभी असलेली बाई, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. आणि एका चौकोनी पट्टीत त्या शिपायाचं नाव.

ती आमच्या देव्हाऱ्यातली यमाई होती.

आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं, की ती यमाई म्हातारीनं, म्हणजे त्या माणसाच्या बायकोनं, औंधाहून आणली. त्रिशूळ आहे, सिंह आहे, मग दुसरी कोण असणार? बाजूला दोन मासे आहेत ते का, हे कुणी विचारलं नव्हतं. लग्न झाल्यावर नव्या सुनेला पहिल्यांदा तिच्यापुढं बसवतात. माझ्या बारशाला मला तिच्यासमोरच ठेवलं होतं. म्हातारीला कुणी वाचून दाखवलं नसेल, किंवा दाखवलं असेल आणि तिनं कुणाला सांगितलं नसेल. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग ती सांगणार कशी?

त्या खोलीत बसून मला आनंदानं रडू आलं. पुरावा आमच्याच घरात होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी गावाकडं निघाले आणि वाटेत कऱ्हाडजवळ मला एक गोष्ट आठवली. माझा आनंद तिथंच संपला.

देव घासायचं काम माझ्याकडं होतं. चौथीपासून, दर शुक्रवारी. चिंच, राख आणि जुना टूथब्रश. यमाईच्या हाताखाली एक चौकोन होता, त्यात बारीक बारीक उंचवटे होते आणि त्यांच्या फटीत कुंकू अडकून काळं व्हायचं. बाकीची यमाई चकचकीत आणि तेवढाच भाग घाण दिसायचा. मला ते खपायचं नाही. मी तो चौकोन ब्रशनं, मग विटेच्या तुकड्यानं घासायची. माझ्याआधी आईनं घासला, तिच्याआधी तिच्या सासूनं. पण वीट वापरायची हुशारी माझी.

घरी पोचल्याबरोबर मी यमाई उचलून दारात उजेडात आणली. चौकोन झिजलेल्या नाण्यासारखा गुळगुळीत होता. कागद ठेवून वर पेन्सिल फिरवली, मोबाईलचा दिवा आडवा धरला. सुरुवातीला एक उभी रेघ वाटली. ती अक्षराची होती की ओरखड्याची, मला सांगता येईना.

आई धावत आली. "आगं, उंबऱ्यात काय आनलीस तिला?"

मी सांगितलं. ही यमाई नव्हे, ही सरकारनं पाठवलेली चकती आहे, ही गोऱ्यांच्या देशाची बाई आहे, आणि इथं आबांच्या आजाचं नाव होतं.

"गप बस," आई म्हणाली. "गोऱ्याची बाई व्हय ही? तुज्या येळंला मी अडले तवा हिलाच हाक मारली हुती. शिकलीस म्हून कायबी बोलू नगंस."

 आबांनी चकती मांडीवर घेतली आणि त्या चौकोनावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "हितं व्हतं?"

"व्हय."

"मग गेलं कुटं?"

"आवं, पोरगीच घासायची," आई कौतुकानं म्हणाली. "कवा डाग म्हून ऱ्हाऊ दिला न्हाई तिनं."

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "असूं दे," ते म्हणाले. "तुजं सायेब शोदतील की. शिकल्यालं मानूस हाय."

मी मान हलवली. आई यमाईला पुन्हा आत घेऊन गेली आणि उंबऱ्यात आणल्याबद्दल तिची माफी मागितली.

सरांना मी फोटो दाखवले. त्यांनी शांतपणे सगळे पाहिले. "ही चकती खरी आहे," ते म्हणाले. "पण कुणाची, हे यावरून कळत नाही. कोरी आहे ना ही."

"सर, आमच्या घरात शंभर वर्षं आहे ती."

"मी तुझ्यावर अविश्वास दाखवत नाही. पण परीक्षक बाहेरून येणार. आपण भावनेवर इतिहास लिहीत नाही."

ते बरोबर होते. मी आजही म्हणते की ते बरोबर होते. फक्त त्यानंतर त्यांनी संकेतस्थळाच्या पानांची यादी पाहिली आणि म्हणाले, "मग तुझं ते पान मोकळं राहतंय. कुत्र्यांवर कर काहीतरी. लोकांना आवडतं." ते पान मीच केलं. कुणाचं कुत्रं, कुठल्या जातीचं, कोणत्या बोटीतून वाचलं. मन लावून केलं. मला अर्धवट काम जमत नाही.

आबांना मी काही कळवलं नाही. कॉलेजात संकेतस्थळांचं प्रदर्शन होतं, त्याला त्यांनी येऊ नये म्हणून ऊन फार आहे, गर्दी असते, असं सांगून पाहिलं. ते आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, सोबत आई. हॉलमध्ये संगणक ओळीनं मांडले होते. सरांनी वाकून त्यांना नमस्कार केला. "आजोबा, तुमची नात फार गुणी आहे."

"ते ऱ्हाऊ द्या सायेब," आबा म्हणाले. "आमचा आजा दावा की."

सरांना काही कळलं नाही. तेवढ्यात दारात पाहुणे आले. "अगं, दाखव ना त्यांना जे हवं ते," असं मला म्हणून ते तिकडं गेले.

आबा खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पडद्याकडं बघू लागले. सगळं इंग्रजीत होतं. मी बुडालेल्या खलाशांची यादी उघडली. खाली सरकवत एका नावावर थांबले. कोळसा टाकणारा कुणी होता. मी त्या नावावर बोट ठेवलं आणि आबांच्या आजाचं नाव आणि आमचं आडनाव मोठ्यानं वाचलं.

"फुडं?" आबा म्हणाले. "पलटन?"

मी एका पलटणीचं नाव घेतलं. पहिलं तोंडात आलं ते.

"आन ही बोट तीच?" वर मोठ्या चित्राकडं हात करून त्यांनी विचारलं.

"व्हय, आबा."

त्यांनी टोपी काढली आणि पडद्याला हात लावून तो हात कपाळाला लावला. आईनंही लावला. शेजारच्या गटातली मुलगी आमच्याकडं बघत होती, म्हणून मी पटकन पान बदललं. आमच्या गटाला पहिला क्रमांक मिळाला. परीक्षकांनी कुत्र्यांच्या पानाचा वेगळा उल्लेख केला.

मला वाटलं होतं, गोष्ट तिथंच मिटेल. आबांनी गावात सांगितलं. आपला आजा ज्या बोटीत गेला ती लय मोठी होती, चार धुराडी, आणि तिचं नाव टायटॅनिक. म्हातारी माणसं ऐकून आपापल्या कामाला लागली. पोरांनी मात्र ते उचललं. मी सुट्टीत घरी आले तेव्हा चहाच्या टपरीवरून आबा चालले होते आणि बाकावरच्या तिघांपैकी एकानं हाक मारली, "काय आबा, बरफ बगून चाला!" दुसरा म्हणाला, "आरं, आजा फस्क्लासनं गेला हुता त्यांचा." आबा थांबले, हसले आणि त्यांना हात करून पुढं आले.

घरी येऊन ते मला म्हणाले, "आता पोरं वळकत्यात बग. टायटॅनिकवालं आबा म्हंत्यात. आदी कोन इचारत न्हवतं."

खरं सांगायची ती वेळ होती. मी चहा गाळत होते. गाळून त्यांच्यापुढं कप ठेवला.

निकाल लागल्यावर गावच्या शाळेत माझा सत्कार झाला. गावातली पहिली पदवीधर मुलगी म्हणून शाल, नारळ. सर मुद्दाम सांगलीहून आले होते. आबा पहिल्या ओळीत होते. मी बोलायला उभी राहिले तेव्हा मागून कुणीतरी बोटीच्या भोंग्यासारखा आवाज काढला आणि बरीच माणसं हसली. सरांनी वळून पाहिलं. हसण्याचं कारण त्यांना माहीत नव्हतं. आबांना वाटलं, आपल्यासाठीच आहे. ते उभे राहिले, मागं वळले आणि सगळ्यांना हात जोडले.

मी कागदावर लिहून आणलेली आभाराची नावं वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव सरांचं होतं.