रिस्तेनच्या गुडघ्यावरचं बटण

रिस्तेन सार्रीच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की तो थांबवणं कुणाच्या बापाला जमत नाही, असं नॉर्वेच्या सीमेलगतच्या योकमोकच्या वरच्या अंगाला सगळेच म्हणायचे. पण त्या पट्ट्यावरच तर रेनडिअर पाळणाऱ्या गावकीचं काम चाले. शरदात रेनडिअर डोंगरभर पांगलेले असतात. वर दोन सीटच्या जुन्या विमानात रिस्तेन, खाली चार चाकांच्या मोटरसायकलींवर बाकीचे, आणि ती रेडिओवरून सांगणार: योव्ना, तू डावीकडून ये, कुत्रा आवर, अरे, तिकडे कुठे चाललास आंधळ्यासारखा! शिव्या खात खात मंडळी कळप कोंडवाड्यात आणायची.

मागच्या हिवाळ्यात तिने रेनडिअरच्या एका नरावर फास टाकला. त्याने हिसका दिला, दोराचा वेढा तिच्या उजव्या अंगठ्यावर आवळला आणि अंगठा गेला. या लोकांत घरटी एकाचं तरी बोट असं गेलेलं असतं, त्यामुळे कुणी फार हळहळत बसलं नाही. अडचण वेगळीच होती. विमान चालवायच्या दांड्याच्या टोकाला बोलायचं बटण असतं आणि ते अंगठ्याने चालवायचं असतं. पुढे ढकललं की आवाज रेडिओवरून खाली जातो, मागे ओढलं की मागच्या सीटवरच्या माणसाला ऐकू येतो. उरलेली चार बोटं दांडा धरण्यातच गुंतलेली, आणि डाव्या हाताला इंजिन सांभाळायचं. म्हणजे तिला उडता येत होतं, बोलता येत नव्हतं.

बिएरा तिचा सख्खा काका आणि गावकीचा प्रमुख. तिकडच्या रिवाजाप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे सोडता सोडता त्याने निकाल देऊन टाकला. "या वर्षी बाहेरून हेलिकॉप्टर बोलवू."

"बाहेरच्याला आपल्या खिंडी काय कळणार, काका? तो कळप नॉर्वेत नेऊन सोडेल!"

"आणि तू काय करणार? वरून हातवारे?"

"अंगठा गेलाय माझा, तोंड नाही गेलं."

"तोंड कुठलं जातंय तुझं," काका म्हणाला आणि चीज चावत बसला.

रिस्तेनने चंगच बांधला. उडणाऱ्या लोकांच्या जुगाडांना तसा तोटा नसतो. कुणी बटणाला कपड्यांचा चिमटा लावतं, कुणी सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवतं, तर कुणी आइस्क्रीमची काडी खुपसतं. तिने आधी काडेपेटीतली काडीच बटणात खोचली, रेडिओच्या बाजूला. बटण दाबलेलंच राहिलं, आणि ती अख्खी फेरी एकटीच बोलत राहिली. तिचा रेडिओ चालू, म्हणून खालच्या कुणालाच बोलता येईना. योव्ना म्हणजे बिएराचा मुलगा, तिचा चुलतभाऊ. उतरल्यावर तो म्हणाला, "आता तर लग्नाच्या बायकोपेक्षाही वाईट झालीस तू!" मग शिलाई मशीनचं पेडल टाचेखाली ठेवून पाहिलं. पण दोन्ही पाय विमान वळवण्यात गुंतलेले. प्रत्येक वळणाला रेडिओ आपोआप चालू.

शेवटी तिने दारावरच्या घंटीचं बटण आणलं आणि डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला पँटवर शिवलं. गुडघा विमानाच्या भिंतीला टेकवला की आवाज खाली जाणार. दांड्यावरच्या बटणात काडी तशीच, मात्र आता मागच्या सीटच्या बाजूला, म्हणजे मागच्याशी बोलणं कायम चालू. तारा मेकॅनिक ओस्तेनने जोडून दिल्या, पण नाक मुरडत. महिनाभर ती रोज रिकाम्या डोंगरावर जाऊन गुडघ्याने बोलायची सवय करत राहिली. गुडघ्यावर हा एवढा काळानिळा डाग पडला. तिने त्यावर दुसरी पँट चढवली आणि पुन्हा गेली.

"एक दिवस मी मागे बसतो," काका म्हणाला. "मग ठरवू."

त्या दिवशी आभाळ निवळ होतं, पण वारा वाईट होता. दुपारपर्यंत सगळं झकास चाललं. गुडघा भिंतीला, शिव्या खाली, कळप पुढे. कायम चालू असलेल्या बटणामुळे मागे बसलेल्या काकाला तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता, आणि ते तिला माहीत होतं.

कोंडवाडा नजरेच्या टप्प्यात आला आणि पुढची टोळी अचानक खिंडीकडे फुटली. ती अडवायची तर कड्याला लागून विमान झटकन वळवायला हवं होतं. रिस्तेनने वळवलं. वाऱ्याने खालून असा धक्का दिला, की दोन्ही पाय जोर लावून रोवावे लागले. गुडघा भिंतीपासून सुटला.

"रिस्तेन, कुठे जाऊ?" खालून योव्ना ओरडला. "डावीकडे की उजवीकडे? बोल ना!"

उजवीकडे. तिला स्वच्छ दिसत होतं. पाय जरासा सैल सोडून गुडघा टेकवायचा, एक शब्द, बस्स. "उज..." एवढं तिच्या तोंडून निघालंही. गुडघा अजून सुटलेलाच होता. ऐकलं फक्त काकाने. समोर कडा होता.

"अगं बोल! चालले ते!"

तिने दात आवळले आणि पाय होते तिथेच ठेवले. वळण पुरं केलं, विमान सरळ केलं, मग गुडघा टेकवला. "योव्ना, उजवीकडे! ओढ्याच्या तोंडाशी!" पण तोवर टोळी खिंडीपार झाली होती. मागचा कळप तेवढा हाती लागला.

उतरल्यावर मंडळी तुटून पडली. "झोप लागली होती का वर?" "घंटी वाजली नाही वाटतं!" रिस्तेन विमानाला टेकून उभी राहिली. संपलं, तिला वाटलं. इतकं करून ऐन वेळी तोंडातून शब्द काढता आला नाही.

"काका, हेलिकॉप्टरवाल्याला कळवू का?" योव्नाने विचारलं.

"कशाला? खिंडीपलीकडचे उद्या ही आणेल. सकाळी तयार राहा सगळे."

मंडळी पांगली. रिस्तेन विमानाला टेकून उभीच होती. "मी बोलू शकले नाही, काका. तू बघितलंस की."

"तुला बटण दाबता येतं, हे ओस्तेनने मला कधीच सांगितलं होतं. ते बघायला मी बसलो नव्हतो." म्हाताऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "पलीकडच्या गावकीचा पोरगा असाच कड्याशी वळत होता. मी खाली रेडिओ घेऊन उभा. त्याने मान खाली घालून बटण शोधलं, 'डावीकडे' म्हणाला. पुढचं मला ऐकूच आलं नाही. तुझ्यासारखी बोलकी बाई अशा वेळी गप्प बसेल का, एवढंच मला बघायचं होतं."

रिस्तेनला जितकं रडू आलं तितकाच रागही आला. महिनाभर गुडघा फोडून घेतला तो बोलायला शिकण्यासाठी, आणि या म्हाताऱ्याने परीक्षा घेतली ती भलत्याच विषयाची!

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं असतं," काका म्हणाला, "तर कुणीही गप्प बसलं असतं."