यंदा नारळ माझा!

माझ्या फजितीचा हा किस्सा दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकतो. फक्त चहाचा घोट गिळून मग हसा!

आपल्या अहिराणी पिक्चरमध्ये मी कायम हिरोचा काका, आणि शिंदखेड्याचा सुकलाल हिरोचा मामा. पण धुळ्याला दरवर्षी सहायक अभिनेत्याचं बक्षीस कुणाला? मामाला! शाल, नारळ, ट्रॉफी, सगळं त्यालाच. मी खाली बसून टाळ्या वाजवायच्या. अहो, जळतो मी त्याच्यावर! का जळू नये? मागच्या पिक्चरमध्ये मी चांगला मेलो, हा नुसता जेवला. तरी बक्षीस ह्यालाच!

यंदा कार्यक्रमाच्या आधी आमचे डायरेक्टर दगा आबा, त्यांचा फोन आला. "नाना, यंदा तुमले नारळ देवानं ठरनं. वाईट वाटी लिऊ नका."

"वाईट? आबा, किती वर्षं वाट पाहतोय मी!"

आबा नुसते खोकले.

"आणि सुकलालला?" मी विचारलं.

"नहीं, त्याले नहीं."

"बरं झालं!" मी म्हणालो. मनात म्हटलं, जिरली त्याची!

"नाना, तुमनं मन भलतं मोठं शे!"

झालं! आमच्या अख्ख्या नरडाणा गावात पेढे वाटले. भुसावळचा मेहुणा रजा टाकून आला. बायकोसकट आम्ही पहिल्या रांगेत.

"सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेता..." एवढं कानावर पडलं आणि मी उठलोच. थेट स्टेजवर! मागून नाव आलं, "सुकलाल!"

आता काय करता? धरणी दुभंगेना, उतरायची लाज. सुकलालला कडकडून मिठी मारली. डोळ्यांतून घळाघळा पाणी! पब्लिक उभं राहून टाळ्या वाजवतंय, काय ही दोस्ती! पाणी कसलं होतं ते माझं मला ठाऊक.

स्टेजवरच बसलेल्या आबांना हळूच विचारलं, "आबा, माझा नारळ?"

"फोनवर दिधा ना भो! पुढला पिक्चरमा काका बी सुकलालच शे. डबल रोल!"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. नोकरीवरून काढताना देतात, तो नारळ!

वरून सुकलालने स्वतःचा नारळ माझ्या हातात ठेवला. "नाना, हाऊ तुमले."

परतताना बायकोला सगळं सांगितलं. ती डोळे पुसत म्हणाली, "मना बी डोयामा पानी उनं. असं पिक्चरमा रडता ना, तर आज हातमा नारळ नहीं येता!"