वैदेहीची गॅलरी

वैदेही खोत संगणकावर इमारतीचं मॉडेल करायला घेतलं की त्यात आधी माणूस बसवायची. भिंतींचा पत्ता नाही, छप्पर नाही, आणि रिकाम्या पडद्यावर खुर्चीत बसलेली एक म्हातारी. "आधी कोण राहणार ते ठरव, मग कुठं ते," हे तिचं नेहमीचं वाक्य. आमच्या लोअर परळच्या ऑफिसात सगळे त्यावर हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं मी. तिला सुचतं ते आपल्याला सुचत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं.

आम्ही दोघं आर्किटेक्ट, एकाच हुद्द्यावर. तरी मी बोलायला लागलो की साहेब मोबाइल बघत ऐकायचे आणि ती बोलायला लागली की मोबाइल पालथा ठेवायचे. माझ्या पोटात दुखायचं. का दुखू नये? दादरच्या हवेशीर घरात वाढलेली ही मुलगी, जेवायच्या सुट्टीत अख्खं ऑफिस हिच्या टेबलाशी. तिला कुणाचा राग यायचा नाही, त्याचाही मला राग यायचा.

अशात लालबागच्या आमच्याच चाळीच्या पुनर्विकासाचं काम ऑफिसकडे आलं. मी तिथं वाढलो, आई अजून तिथंच राहत होती. साहेबांनी आम्हा दोघांना वेगवेगळे आराखडे करायला लावले. मॉडेलवर ऊन, वारा आणि विजेचा खर्च तपासायचा आणि कमी विजेत जी इमारत गार राहील ती चाळकऱ्यांपुढे ठेवायची. हे काम माझं होतं. माझ्या आईचं घर दुसऱ्या कुणी आखायचं म्हणजे काय?

मी सगळ्यांत आधी चाळीची गॅलरी उडवली. सगळं लहानपण त्या गॅलरीत लोकांच्या नजरेखाली गेलं होतं. आईला बंद दाराचा फ्लॅट द्यायचा, ही माझी हौस. मधे पॅसेज, दोन्हीकडे घरं, जाड भिंती, दुहेरी काचा. मॉडेलमध्ये माझी इमारत छान गार राहिली. वैदेहीनं लांबलचक गॅलरी ठेवली होती आणि तिची घरं तापत होती. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

तर ही बया एका दुपारी सरळ आईकडे जाऊन बसली. "ये गो बाय, दार उघडाच आसा," म्हणून आईनं तिला आत घेतलं, सोलकढी पाजली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"राणे, तुमच्या चाळीत दिवसा दार लावतं कोण?"

कुणीच नाही. दिवसा दार लागलेलं दिसलं तर शेजारचे घाबरून विचारायला येतात. हे मला ठाऊक नव्हतं? जन्म गेला त्यात. पण मॉडेलमध्ये घरांची दारं बंदच धरायची, ही ऑफिसातली पद्धत, आणि आम्ही दोघांनी तीच धरली होती. तिनं दारं दिवसभर उघडी धरून दोन्ही आराखडे पुन्हा तपासले. माझ्या पॅसेजमध्ये कोंडलेली गरम हवा घराघरांत शिरली. तिच्या गॅलरीतून मागच्या खिडकीपर्यंत वारा आरपार गेला.

"मॉडेल खोटं बोलत नाही रे," ती म्हणाली, "आपणच त्याला अर्धं सांगतो."

आवाजात कुरघोडी अजिबात नव्हती. असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. चाळकऱ्यांच्या सभेत तिचा आराखडा ठरला. पहिला हात माझ्या आईनं वर केला.

इमारत पुरी व्हायच्या आधीच वैदेही नवी नोकरी धरून बंगळुरूला गेली. जाताना आईला साडी देऊन गेली. अजूनही दोघींचे फोन चालतात, आणि मी घरात असलो की आई आवाज बारीक करते.

परवा, ऐन मे महिन्यातल्या दुपारी, नव्या घरी गेलो. दार उघडं, पंखा बंद, आणि आई गॅलरीत खुर्ची टाकून बसलेली. वैदेहीच्या मॉडेलमधली म्हातारी अगदी अशीच बसायची. शेजारची नवी सून आईला विचारत होती, एवढा वारा येतो, ही बिल्डिंग आखली कुणी?

"ह्यां सगळां वैदेहीन केल्यान," आई म्हणाली. मग लेकाला, म्हणजे मला पाहून तिनं पुढं जोडलं, "ह्यो माझो झील. ह्यो पण होतो तिच्या हाताखाली."

हाताखाली नव्हतो, बरोबरीनं होतो. अगदी ओठांवर आलं होतं. पण आईच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. मी आतून खुर्ची आणली आणि तिच्याशेजारी तो मेला वारा खात बसलो.