बिल्ला कुणाच्या गळ्यात

पवनीतल्या आमच्या इंग्रजी शाळेत प्रत्येक वर्गाचा एक लाकडी बिल्ला होता. मराठी बोलताना जो सापडेल त्याच्या गळ्यात तो पडायचा. मग त्यानं दुसऱ्या कुणाला मराठी बोलताना पकडायचं आणि स्वतः सुटायचं. शेवटच्या घंटेला तो ज्याच्याकडे राहील, त्यानं दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर माफी मागायची. ज्याच्या गळ्यात बिल्ला, त्याला मराठीची भीती नसे. तोच गोड बोलून दुसऱ्याला बोलतं करायचा.

याच वर्गात मॉरल सायन्सच्या तासाला आम्ही ‘सगळे करतात म्हणून आपण करू नये’ हा धडा शिकलो. बाई शिकवायच्या छान. बिल्लेवाला मुलगा तेवढा वेळ आमच्या तोंडांकडे बघत असायचा.

सहावीत माझ्या बाकावर कोंढ्याहून एसटीनं येणारी एक मुलगी आली. मी वर्गात कुणाशीच बोलत नसे. तिच्याशी बोलायला लागले, बाकाखाली पेन्सिल शोधायच्या निमित्तानं डोकं घालून, मराठीत. तेवढीच एक मैत्रीण होती मला.

तिला पकडणं सोपं होतं, हे मागच्या बाकावरच्या मुलींना लवकरच कळलं. घरचं, धानाच्या लावणीचं विचारलं की तिला राहवत नसे.

“काय वं, झाला का तुमचा रोवणा?”

“झाला ना! बांधीत इतका चिखल होता, माह्या आईचा पायच फसला,” ती हसत सांगायची आणि धानाच्या चिखलातून वर येईपर्यंत बिल्ला गळ्यात पडलेला असायचा. वर्ग टाळ्या वाजवायचा.

एकदा डेस्कच्या झाकणात माझं बोट चेमटलं. मी “आई वं!” म्हणाले. तेही मराठीच धरलं गेलं.

“घाबरू नको,” मागच्या बाकावरून चिठ्ठीत सल्ला आला. “बाजूलाच तर बसली आहे. रोवण्याचं विचार तिले.”

ती माझ्याकडे बघत होती. मी काही विचारलं नाही. घंटा झाली. दुसऱ्या दिवशी मी, जिला हजेरीला धड आवाज फुटत नसे, शाळेसमोर माफी मागितली. मागून “लाउडर!” असं दोनदा झालं.

घरी आई म्हणाली, “त्या पोरीच्या गळ्यात टाकायचा ना! सगळेच टाकून राहिले, तुलेच काय झालं?”

बाबांना वेगळीच काळजी. “मॅडमला वाटलं असेल, यांच्या घरी मराठीच बोलतात.” आम्ही घरी मराठीच बोलायचो. रोज शाळेत जाताना ‘कुणाच्या नादी लागू नको’ हेही ते मराठीतच सांगायचे.

नंतर एकदा बिल्ला माझ्या मैत्रिणीकडे होता. मी नळावर बाटली भरत होते. ती जवळ आली, बिल्ल्याची दोरी कॉलरच्या आत सरकवलेली. मला दोरी दिसली नाही.

“त्या दिवशी आईनं मारलं का वं तुले?” तिनं अगदी हळू विचारलं. माझी एवढी चौकशी कुणी केली नव्हती.

“नाही वं,” मी म्हणाले.

दोरी माझ्या डोक्यावरून खाली आली. नळामागून मुली टाळ्या वाजवत बाहेर आल्या. तिनं माझी बाटली बंद करून माझ्या हातात दिली, आणि त्यांच्याबरोबर गेली. दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या बाकावर बसायला लागली. पालकसभेत तिचे वडील बाबांना म्हणाले, “आता रुळली पोरगी. आधी लय रडे.” तिनं चूक केली असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. तिला जे चांगलं म्हणून शिकवलं गेलं, तेच तिनं केलं होतं.

मी त्यानंतर शाळेत कुठल्याच भाषेत बोलले नाही. बिल्ला पुन्हा माझ्याकडे आला नाही. वर्षाअखेरीस बाईंनी आईला सांगितलं, “तुमची मुलगी किती शहाणी आहे! कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.”

आई घरी येईपर्यंत खूश होती. घरी आल्यावर तिनं विचारलं, “तू शाळेत बोलतच नाही का वं?”