फकिरा माळ्याचा सुईचा सराव

मखमलाबादच्या फकिरा माळ्याला साप, विंचू, इंग्रज, कशाचीच भीती नव्हती. सुई दिसली की मात्र त्याची पाचावर धारण बसायची. त्यात बायको मिळाली हारवाली. गोजराबाई नाशकात रामकुंडावर हार विकायची, म्हणजे घरात दिवसभर सुई. हा गडी जेवायलासुद्धा तिच्याकडे पाठ करून बसायचा.

त्यांच्या घराण्याची रीत अशी, की बारशाला कान टोचताना बाळ आईच्या बापाच्याच मांडीवर असायचं. चौतीस साली लेक सिंधू पहिल्या बाळंतपणाला आली आणि आल्या आल्या म्हणाली, "आबा, तुमी भेनार असाल तर आत्ताच सांगा. रीत मोडून मामंजींच्या मांडीवर देईन."

फकिराला हे फार लागलं. व्याही आधीच मिशीला पीळ देणारा माणूस. नातवंड आपलं आणि मांडी त्याची? छे!

मग गोजराबाईने त्याला शिकवायला घेतलं. आधी अंगणातून सुई नुसती बघायची. तेवढ्यानेच घाम फुटला, पण पठ्ठ्या जागचा हलला नाही. मग उंबऱ्यावरून, मग शेजारी बसून. मग सुई हातात घेऊन झेंडूत टोचायची, आणि मग वांग्यात. वांग्याच्या वतीने तोच "आई गं!" म्हणून ओरडायचा, त्यामुळे तिथे बरेच दिवस गेले. नात जन्मली तोवर त्याने स्वतःच्या बोटाला टोचून घेतलं आणि रक्ताचा थेंब सगळ्या आळीला दाखवून आला.

बारशाला सराफ बाजारातला सोनार आला. फकिरा नातीला घेऊन ताठ बसला. उजवा कान टोचला, याची पापणीही लवली नाही. पोरीने मात्र टाहो फोडला.

"थांबा!" फकिराने तिचा डावा कान झाकला. "तिचा सराव कुठं झालाय? एकदम टोचत्यात व्हय?"

सोनार हसला, सिंधू चिडली, व्याह्याने मिशी चावली. फकिरा हटला नाही. मांडी त्याचीच लागणार, मग बोलणार कोण? सिंधू माहेरी आली की तो नातीला घेऊन लांबून सुई दाखवत बसायचा. पोरगी त्याचं नाक ओढायची. टोचायचं नाव काढलं की तो म्हणायचा, "अजून तयार नाय ती." माया अशी वेडी असते, आणि मला तर ती फार आवडते.

नात सगुणा एका कानात बाळी घालून रांगली, चालली, भांडायलाही शिकली. शेवटी गोजराबाईनेच सोनाराला बोलावलं. पोर आपणहून फकिराच्या मांडीवर चढली, डावा कान पुढे केला, इवल्या हातांनी त्याचं तोंड पलीकडे वळवलं आणि म्हणाली, "आबा, तू तिकडं बघ. मी हाय ना."