मंडईच्या दिवशीची मशीन

केवलराम शहारेला अख्खं गाव मिलिटरीवाला म्हणायचं, पण बंदूक त्यानं ट्रेनिंगनंतर फारशी धरलीच नाही. तो फौजेत रसदीच्या खात्यात होता. डाळ, तांदूळ, साखर, चहापत्ती. पोती उतरवून घ्यायची, पोती वर पाठवायची. गाव अर्जुनी मोरगावच्या खालच्या अंगाला, इटियाडोह धरणाच्या कालव्यावर, म्हणजे तांदूळ त्याला आईच्या पोटातूनच ओळखीचा! लोक चिडवायचे, "काऊन गा केवल, दुश्मनाले का तांदूळ फेकून मारतेस?" तो पण हसायचा.

फक्त एका गोष्टीवर तो हसायचा नाही. वर बर्फात, एका चौकीवर, एका गढवाली पोराच्या दाताखाली भातातला खडा आला आणि दाढ मधून उभी चिरली. वादळ होतं, हेलिकॉप्टर येईना. पोराचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं, ताटात भात पाहिला की तो रडायचा, बावीस वर्षांचा गडी! आणि ते पोतं केवलरामनंच उतरवून घेतलं होतं. वरून छान होतं, म्हणून आत हात घातला नव्हता.

वर्दी उतरली १९९९ ला. मग त्याला नागपूरकडे फौजेच्या खरेदीच्या एका दफ्तरात जागा मिळाली. काम असं, की फौजेला माल घ्यायचा असला की ठेका द्यायच्या आधी अटी कशा असाव्यात ते साहेबाला सांगायचं, आणि ज्यानं टेंडर भरलं त्याच्या दारात जाऊन बघायचं, हा माणूस बोलतो तेवढं करू शकतो का. मशीन आहे का, गोदाम गळतं का, माणसं आहेत का. आणि ठेका दिल्यावर परत जायचं, पहिल्या खेपेपासून, कबूल केलं तेच देतो का ते बघायला. सही साहेबाची. पण साहेब काही गावोगाव फिरत नाहीत. साहेब सही करायचे ती केवलरामच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून. आणि या कामाची पहिली शिस्त ही, की बघायला कधी येणार ते समोरच्याला कळू द्यायचं नाही.

२००८ च्या पावसाळ्यानंतर तांदळाचं टेंडर निघणार होतं. केवलराम मेजर साहेबांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, एक अट घाला. मिलमध्ये खडे आणि काळे दाणे निवडायची मशीन पाहिजेच, मालकीची.

मेजर म्हणाले, "छोटे मिलवाले भाग जाएंगे, शहारे."

"भागने दो साहब. दाँत तो बचेंगे."

अट पडली. आणि ज्यांनी टेंडर भरलं त्यात एक नाव निघालं हिरालाल कापगते. केवलरामच्याच गावाबाहेर त्याची मिल. दोघं एका बाकावर शिकले, कालव्यात एकाच म्हशीची शेपटी धरून पोहले. केवलरामनं काहीच लपवलं नाही, सरळ साहेबाला सांगितलं, "साहब, मेरा दोस्त है. किसी और को भेज दो."

मेजर हसले. "दोस्त है तो और ध्यान से देखोगे. तुम ही जाओ."

आता माणूस कितीही शिस्तीचा असो, दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, आली की झाडीपट्टीतला माणूस घरी जातोच! पुण्यात असो, सुरतेत असो. पोरीबाळी माहेरी येतात, दिवसा दंडारीचा नाच, रात्री नाटक, चौकात फुगे आणि जिलेबी. केवलरामनं विचार केला, बघायला जायचंच आहे, मंडईच्याच दिवशी जाऊ, दोन्ही होईल. आणि धाकट्या बहिणीला फोन लावला. आईबाप गेल्यावर कला हेच त्याचं माहेर म्हणा की. कलाबाई आणि तिचा नवरा दुधराम, दोघं गावातच होते.

"कला, मंडईले येतो वो."

"सुट्टी भेटली का दादा?"

"सुट्टी कायची! कामातच येऊन राहिलो. पण कोणाले सांगू नोको."

"नाई सांगत. कोंबडी कापतो मी," कला म्हणाली. तो इकडे फोनवर लहान पोरासारखा हसला.

मंडईच्या सकाळी तो सरळ मिलमध्ये घुसला. हिरालालनं मारे दचकल्यासारखं केलं. "अरे, मिलिटरीवाला! आजच्या दिवशी त सरकारबी झोपते बापा!"

केवलरामनं मिठी मारली नाही, आधी काम. गोदाम पाहिलं, छप्पर पाहिलं. मशीन होती. निळी, चकचकीत, सिमेंटच्या ओट्यावर बोल्टनं आवळलेली. त्यानं चालू करायला लावली. एका तोंडातून पांढरा तांदूळ, दुसऱ्यातून काळे दाणे आणि खडे, टक टक टक. तो बराच वेळ त्या खड्यांकडेच बघत राहिला.

"घेतली का बे खरंच?"

"तुझ्या अटीपायी घेतली. माझी बायको बोलत नाई माझ्याशी," हिरालाल म्हणाला. तेव्हा कुठे केवलरामनं त्याला छातीशी धरलं.

दुपारी कलाकडे जेवण. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली ताट. कोंबडीचा रस्सा, वडे, भात. कला वाढत होती, दुधराम मान खाली घालून खात होता. "जवाई, काऊन गप्प?" केवलरामनं विचारलं, तर दुधराम म्हणाला, पाठीत लचक भरली. कलानं केवलरामच्या भातावर अजून रस्सा ओतला आणि विचारलं, "दादा, झालं का काम? चांगलं सापडलं ना सगळं?"

"एक नंबर," तो म्हणाला. "हिऱ्यानं नाव राखलं गावाचं."

ती हसली. ते हसणं त्याला पुढे किती तरी दिवस दिसत राहिलं.

अहवाल त्यानं मनापासून लिहिला. मेजरनी विचारलं, "पक्का है ना?" आणि हा म्हणाला, "जिम्मेदारी मेरी." ठेका हिरालालला मिळाला.

फेब्रुवारीत पहिली खेप भरायची होती. आता ठेका दिल्यानंतरचं काम. या वेळी केवलरामनं घरी फोन केला नाही, मुद्दाम नाही, सवड नव्हती एवढंच. ट्रक दारात लागलेले, हमाल पोती चढवत होते. त्यानं थप्पीच्या पोटातली पोती खाली काढायला लावली, नमुना काढायची पोकळ परखी खुपसली, तांदूळ तळहातावर घेतला.

काळे दाणे. आणि खडे. एक नाही, चिमूटभर.

"हिऱ्या, मशीन चालू कर."

"दुरुस्तीले गेली गा. कालच गेली."

केवलराम ओट्यापाशी गेला. सिमेंटमधून बोल्ट वर आलेले, त्यांना गंज चढलेला. मशीन कालची गेलेली असती तर बोल्ट असे नसते. तेवढ्यात मागच्या शेडमधून आवाज आला. खळ्ळ, खळ्ळ. सुपं पाखडल्याचा. हिरालाल आडवा झाला, "तिकडं भुसा आहे, कायले जातेस?" पण केवलराम त्याला बाजूला सारून आत गेला.

आत बायाच बाया. जमिनीवर ओळीनं बसलेल्या, मांडीत सूप, सुपात तांदूळ, बोटांनी खडे वेचून राहिल्या होत्या. त्याला बघून सगळ्यांचे हात थांबले. आणि खिडकीखाली डोक्याला फडकं बांधून कला बसली होती. त्याची कला.

त्याला आधी समजलंच नाही. म्हणजे डोळ्यांना समजलं, मनाला नाही. तो वेड्यासारखा म्हणाला, "तू इथं काय करून राहिली?"

"काम," ती म्हणाली.

"मशीन कुठं आहे?"

एक म्हातारी, सुशिलाबाई, सूप आपटून म्हणाली, "आता लपवून काय होते? मशीन तिरोड्याकडच्या मिलवाल्याची होती बाबू. मंडईपुरती आणली होती. तुह्या जवायानंच त उतरवली ट्रकातून!"

पाठीतली लचक!

"पण मी येणार हे..." आणि वाक्य त्याच्या तोंडातच मेलं. कारण त्यानं एकाच माणसाला सांगितलं होतं.

कला उठली. पदराला भुसा लागलेला. "मीनंच सांगतलो हिरालालभाऊले."

"मी म्हटलं होतं कोणाले सांगू नोको!"

"म्हटलं होतं."

"आणि वरून मले जेवू घातलं? विचारलं, चांगलं सापडलं का?"

"मग का उपाशी पाठवू?" ती एकदम भडकली. "तुह्या त्या अटीनं काय होते माहीत आहे तुले? मशीन आली त आमी सगळ्या घरी! एक माणूस बटन दाबते आणि आमच्या चाळीस बायांचं काम खल्लास. हिरालालभाऊ म्हणे, मशीन घेऊ का तुमाले ठेवू, सांगा. आमी का सांगाव? आमाले ठेवू नोका म्हणाव?"

"तर मले सांगायचं ना कला! मी साहेबासंग बोललो असतो."

"तू नसता ऐकला. तू मंडईलेबी कामातच आला होता. भाऊ म्हणून कदी आला?"

बाया बघत होत्या. हिरालाल दारात उभा राहून हळूच म्हणाला, "केवल, कागदावर लिही ना, मशीन दुरुस्तीले आहे. दुसऱ्या खेपेपर्यंत आणतो मी, आईची आण. तुझा एक शब्द आहे बस."

आणि खरंच एक शब्दच होता. साहेबानं विचारलं पण नसतं. केवलराम कलाकडे बघत राहिला. तिनं त्याच्याकडून काही मागितलं नाही, नुसती बघत होती, आणि त्याला सगळ्यात जास्त ते लागलं, की हिला माहीत आहे मी लिहीन, हिला आपला भाऊ विकत मिळाल्यासारखा वाटतो, एका फोनवर, एका कोंबडीवर!

तो मुठीतला तांदूळ तिच्या सुपात टाकून बाहेर निघाला आणि ट्रकवाल्यांना म्हणाला, "पोती उतरवा."

मागून हिरालालची शिवी आली.

मेजरपुढे त्यानं सगळं सांगितलं. मशीन उसनी होती, माझा पहिला अहवाल चुकीचा, आणि तारीख मीच फोडली, माझ्या बहिणीला फोन करून. मेजरनी पेन्सिल खाली ठेवली. "बहन का नाम क्यों ले रहे हो, शहारे? बोल देते किसी ने लीक किया."

"किसी ने नहीं किया साहब. मैंने किया. और उसने भी किया."

ठेका रद्द झाला, लांबच्या एका मिलला गेला, मशीनवाल्या. केवलरामला बाहेरच्या कामावरून काढून आत टपाल बघायला बसवलं. त्याचं त्याला फार दुःख नव्हतं. रात्री बायको, नंदाबाई, म्हणायची, "बहीणच आहे, जाऊन या एकदा." तो भिंतीकडे तोंड करायचा. म्हणायचा, हिऱ्यानं फसवलं ते समजते, तो धंदेवाला. जवाई गरीब आहे, ते पण समजते. पण ती माझ्या ताटात वाढत होती गं. वाढता वाढता विचारत होती!

पुढल्या दिवाळीनंतर मात्र तो गेला. कोणाला न सांगता, मंडईच्या दिवशी. मिलला कुलूप होतं. दंडार रंगली होती, तो तिकडे न थांबता कलाच्या दारात गेला. दुधराम ओसरीवर एकटाच.

"कला कुठं आहे?"

"तिरोड्याले. वीज कारखान्याचं बांधकाम सुरू आहे ना, ठेकेदाराच्या गाडीनं तिकडं गिट्टी उचलाले जाते. आजबी गेली."

"मंडईच्या दिवशी?"

"आज दुप्पट रोजी देतेत." दुधराम खाली बघत म्हणाला. "पण रांधून गेली आहे. कोंबडी, वडे. म्हणे, दादा येईल, त्याले न जेवता जाऊ देजा नोको."

केवलराम उंबऱ्यावर उभा. आतून रश्श्याचा वास येत होता, सकाळपासून पोटात काही नव्हतं. कुठून कळलं तिला, की मी येईन? कोणाला सांगितलं नव्हतं या वेळी. हीच तर आहे ना, मला अशी आतून बाहेरून ओळखणारी. म्हणूनच तर तिला मला फसवणं जमलं!

"बसा ना भाऊ," दुधराम ताट पुसत म्हणाला.

"नाई," केवलराम म्हणाला. "ते आली की सांगजा तिले. दादा आला होता म्हणा. आणि जेवला नाई म्हणा."

तो वळला आणि चौकातल्या गर्दीतून, ढोलाच्या आवाजातून, कोणाच्या रामरामाला जयभीमला उत्तर न देता, उपाशीपोटी एसटीच्या थांब्याकडे चालत गेला.