मिरची उचलाई गयी

माझ्या सुनेचं, कामिनीचं, कौतुक माझ्यासमोर कोणी करू नये. आमचं अख्खं कोरीट गाव करतं. नवरा नेव्हीत, तीन वर्षांच्या लग्नात सगळे मिळून सात महिनेही सोबत नाहीत, तरी पोरगी कशी हसून राहते, म्हणे. राहील नाही तर काय! भूपेशचा फोन रोज तिच्याच मोबाईलवर येतो. मुलगा माझा, नऊ महिने वाहिला मी, आणि माझ्या वाट्याला शेवटी दोन वाक्यं. "माय, जेवनी का? गोळ्या लिध्या का?" झालं. जशी मी दवाखान्यातली पेशंट.

तिच्याशी मात्र मिरचीच्या गप्पा. "मिरची पथारीवर शे," असं तो म्हणायचा आणि ही पदराआड खुदकन हसायची. पथारी म्हणजे नंदुरबारला मिरची वाळत घालतात ते मैदान, एवढं मला कळतं. पण आम्ही यंदा मिरची लावलीच नव्हती, वावरात पपई उभी! आपल्या शेतात काय आहे हे दोघांना माहीत नाही? बरं, विचारलं तर सांगतील? छे! मी जळायची. खोटं कशाला बोलू, चुलीतल्या ओल्या लाकडासारखी धुमसायची.

मे महिन्यात लढाई पेटली. त्या दिवशी सकाळपासून गावात लाईट नव्हती. कामिनीचा मोबाईल बंद पडलेला आणि ती शेतावर गेलेली. खाटेवर पडलेला भूपेशच्या बाबांचा बटणांचा फोन वाजला. मी उचलला.

"माय, कामिनीना फोन लागी नही ऱ्हायना. तिले सांग, मिरची उचलाई गयी."

माझं टाळकंच सटकलं. "तुन्हं डोकं फिरनं का रे? कसानी मिरची? आपला वावरमा पपई शे! मायशी बोलाले तुन्ही जीभ झडस, आन् बायकोले मिरच्या!"

"माय, आयक ना..."

"काय आयकू? मी नही सांगस, जाय!" आणि मी फोन बंद केला.

कामिनी आली तेव्हा मी गप्प बसले. एकदा तरी पोराचा फोन माझ्याकडे आला होता. तो मी कशाला वाटून घेऊ?

पुढचे दोन दिवस टीव्हीवर नुसत्या बोटी आणि तोफा. मी देवापुढून उठेना, आणि ही बया टीव्हीसमोर गवार मोडत गुणगुणतेय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा तोल गेला. "तुन्हा नवरा नेव्हीमा शे ना वं? तुले काहीच वाटत नही?"

ती हसली. "आत्याबाई, ते बंदरमाज शेतस. फोनवर बोटनं काही बोलाले बंदी शे, म्हणून आमनी खूण शे. बोट बंदरमा व्हई ते मिरची पथारीवर. लढाईवर निंघनी का मिरची उचलाई गयी. दोन दिन फोन नही, पन तसा निरोप नही उना आखो."

मी उठून टीव्ही बंद केला.

"उना व्हता," मी म्हटलं. "माले. परवदिन."

तिने गवारीचं ताट बाजूला सरकवलं. आता ही भांडेल असं मला वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्या अगदी जवळ येऊन बसली. "आखो काय बोलनात ते? आवाज कसा व्हता? बठ्ठं सांगा." तीन वर्षं मी तिच्याकडे जशी बघत होते, तशी ती माझ्याकडे बघत होती. जाताना तो बोलला ते माझ्याशी, तिच्याशी नाही.

तिला काय सांगू? लढाईवर निघालेल्या पोराला मी पपईवरून फैलावर घेतलं होतं.

"काही नही," मी म्हटलं. "मीच बोलनू. त्याले बोलूच दिधं नही."

लढाई थांबली. त्यानंतर चार दिवसांनी तिचा मोबाईल वाजला. भूपेश सुखरूप होता. ओट्यावर उभी राहून ती बोलली, रडली, पुन्हा बोलली. मी दारातच उभी होते. गोळ्या घेतल्या का विचारायलासुद्धा त्या दिवशी तिने माझ्या हातात फोन दिला नाही, आणि मीही मागितला नाही.